घडीच्या चाकूला लॉक असलं की बोट वाचतं का?

घाटवाटा

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ग्रुपचं भोरजवळ चार दिवसांचं निवासी शिबिर आहे. मुलं १२ ते १५ वयाची. त्यात चाकूकामाचं एक सत्र असतं: काठी तासून तंबूच्या खुंट्या करणं, दोरी कापणं, आणि रात्रीच्या जेवणाची भाजी चिरणं. सामानात सध्या तीन तऱ्हेचे घडीचे चाकू आहेत.

व्हिक्टोरिनॉक्सचे लाल, ९१ मिमीचे. लॉक नाही.
ओपिनेल (फ्रेंच, लाकडी मुठीचे), आठ नंबर. मुठीवरचं कडं फिरवून लॉक होतं.
बाजारातले स्वस्त, आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याला अडकते ते. यातल्या दोघांचं पातं डुगडुगतं.

पालकांच्या बैठकीत एकांनी सांगितलं की बिनलॉकचा चाकू मुलांच्या हातात देऊच नका, पातं बोटावर मिटतं. दुसरे म्हणाले, उलट लॉकवाल्या चाकूनंच जास्त कापतं, तो मिटवताना. दोघंही ठाम. जाणकारांनी सांगावं: लॉकनं सुरक्षितता खरंच वाढते का, आणि वाढत असेल तर कोणत्या लॉकनं? डुगडुगणारे चाकू दुरुस्त होतील की भंगारात टाकू? दोन मुलं डावखुरी आहेत, तेही लक्षात घ्या.

कानस

दोन्ही पालक निम्मे निम्मे बरोबर आहेत.

आधी पात्यावर रेटा कुठून येतो ते बघा. धारेनं कापताना लाकूड पात्याला आणखी उघडायच्या दिशेला ढकलतं. पातं आधीच पूर्ण उघडलेलं असतं, ते आतल्या थांब्यावर टेकतं, आणि लॉकवर काहीच भार येत नाही. म्हणजे काठी तासताना, दोरी कापताना, कांदा चिरताना लॉक असलं काय नि नसलं काय. लॉकचं काम पडतं ते पात्याच्या पाठीवर रेटा आला तर. असं होतं ते असं: टोक रेटून भोक पाडताना, लाकडात रुतलेलं पातं हलवून सोडवताना, पाठीनं साल किंवा फायरस्टीलची (ठिणग्या पाडायची) कांडी खरवडताना, आणि पाठीवर दांडका हाणून लाकूड फोडताना. तुमच्या सत्रातल्या तिन्ही कामांत यातलं फक्त रुतलेलं पातं सोडवणं येतं, आणि ते हमखास येतं. मुलं एका घावात जाड सालपट काढायला जातात, पातं अडकतं, मग ती वर-खाली हिसके देतात.

आता बिनलॉकच्या चाकूत काय होतं? पाठीमागची कमान (स्प्रिंग) पात्याच्या बुडावर दाबून बसलेली असते. थोड्या रेट्याला ती दाद देत नाही. पण एकदा पातं ठरावीक कोनापलीकडे गेलं की तीच कमान उरलेला प्रवास स्वतः पूर्ण करते, खटकन. बोट अर्ध्यात सापडलं तर कमान बोटाच्या बाजूनं नसते. काही जुन्या घाटाच्या खिशातल्या चाकूंत ९० अंशांवर एक थांबा असतो, त्यामुळे मिटणं दोन टप्प्यांत होतं. व्हिक्टोरिनॉक्सच्या ९१ मिमीत तो नाही.

लॉक असेल तर ते किती भार घेतं, याचा हिशेब सोपा आहे. समजा पातं ८ सेंमीचं आहे, आणि लॉक पिव्हटपासून (पातं ज्यावर फिरतं तो खिळा) ८ मिमीवर टेकतं. टोकाशी पाठीकडून दोन किलोचा रेटा आला की लॉकच्या तोंडावर वीस किलो पडतात. दीड मिमी जाडीच्या पत्र्याच्या टोकावर वीस किलो. पट्टी नीट बसलेली असेल तर ती हे सहज सोसते, जेमतेम कडेला टेकलेली असेल तर सटकते. म्हणून «लॉक आहे» एवढ्यावर थांबू नका, ते बसलंय कसं ते बघा.

शिकवण्यासाठी माझं मत बिनलॉकच्या बाजूनं. पातं मिटू शकतं हे मुलाला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं, म्हणून ते टोक रेटत नाही. लॉकवाला चाकू हातात आला की तोच मुलगा त्यानं डबा उचकटतो.

लोखंड्या

कानस यांच्या यंत्रविचाराशी सहमत, शेवटच्या परिच्छेदाशी नाही. १२ वर्षांचं मूल रुतलेलं पातं हिसकणारच, कितीही सांगा. तिथे लॉक नसलं की सगळा भरवसा कमानीवर. ओपिनेलचं कडं अशा वेळी चोख काम करतं.

पण दुसऱ्या पालकांचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. लॉक कोणत्या जातीचं आहे यावर मिटवताना बोट कुठे असतं ते ठरतं.

लायनर लॉक (तुमचा तिसरा प्रकार) आणि फ्रेम लॉक (त्यात मुठीची एक बाजूच पट्टीचं काम करते): पट्टी बाजूला ढकलायला अंगठा पातं मिटतं त्या खाचेत घालावा लागतो, म्हणजे नेमका पात्याच्या वाटेवर. आजच्या रूपातलं लायनर लॉक अमेरिकेत मायकेल वॉकर यांनी १९८०च्या दशकात बेतलं. त्याआधीही अमेरिकी इलेक्ट्रिशियनांच्या चाकूत तसली पट्टी होतीच. एका हातानं उघड-मीट करता यावी ही त्याची खुबी, आणि शिबिरात तीच अडचण, कारण मुलं एका हातानं मिटवायचा खेळ करतात.

बॅक लॉक (पाठीवर दाबायचा दांडा, बक कंपनीच्या ११० सारखा): मिटवताना अंगठा पाठीवर, वाटेबाहेर. पण उरलेली बोटं खाचेवर वळलेली असतात. याचा खरा शत्रू म्हणजे पात्याच्या बुडाशी दांडा अडकतो त्या खाचेतला कचरा. खिशातला धागा, भाकरीचा चुरा, वाळलेला चीक त्या चौकोनी खाचेत जाऊन बसतो, दांडा पूर्ण आत उतरत नाही, पण आवाज मात्र «टक» येतो. दांड्याच्या मधोमध घट्ट मूठ आवळली तरी लॉक सुटू शकतं. म्हणून काही कंपन्या दांड्याला तिथेच खोलगट खळगा ठेवतात, म्हणजे तळहाताचं मांस त्यात सामावतं आणि दांडा दाबला जात नाही.

आडव्या दांडीचं लॉक (बेंचमेडनं १९९८ मध्ये ॲक्सिस नावानं आणलं, आता बरेच जण बनवतात): दांडी दोन्ही बाजूंनी मागे खेचायची, बोट कधीच पात्यासमोर येत नाही. डावखुऱ्यांसाठी सगळ्यात सोयीचं. आत केसासारख्या बारीक तारेच्या दोन स्प्रिंगा असतात. एक तुटली तरी लॉक चालतं, पण दांडी तिरकी सरकू लागते. तशी दिसली की तो चाकू बाजूला ठेवा.

बटण लॉक: मुठीच्या बाजूला गोल बटण. घट्ट पकडीत चुकून दाबलं जाऊ शकतं. मुलांना नको.

लायनर लॉक मिटवण्याची माझ्या मते एकच पद्धत मुलांना शिकवावी, दोन्ही हातांची:

१. मूठ डाव्या हातात, धार वर, म्हणजे सगळं डोळ्यांसमोर.
२. डाव्या अंगठ्यानं पट्टी बाजूला ढकलायची.
३. उजव्या हाताच्या चिमटीत पातं सपाट बाजूंनी धरून फक्त २०-३० अंश मिटवायचं, पट्टीच्या पुढे जाईपर्यंत.
४. आता थांबायचं. अंगठा बाहेर काढायचा. मूठ फक्त दोन बाजूंनी धरायची, खाचेवर काही नाही.
५. मग उजव्या तळहातानं पात्याच्या पाठीवर दाबून मिटवायचं.

चौथी पायरी गाळली जाते आणि अंगठा तिथेच राहतो. मोठी माणसंसुद्धा इथेच कापून घेतात.

डावखुऱ्या मुलांना हा चाकू देऊ नका. नेहमीच्या लायनर लॉकची पट्टी उजव्या हातासाठी ठेवलेली असते. डाव्या हातात ती तर्जनीनं ढकलावी लागते, आणि तासताना घट्ट आवळलेली तीच तर्जनी पट्टीला नकळत सोडवण्याच्या दिशेला रेटते.

घाटवाटा

कानस, लोखंड्या, दोघांचे आभार. डुगडुगणाऱ्या दोनपैकी एक आडवा हलतो, एक वर-खाली. आडव्या हलणाऱ्याला पिव्हटवर ताऱ्याच्या आकाराचा स्क्रू आहे, दुसऱ्याला नुसता रिव्हेट. लॉक तपासायचं कसं? व्हिडिओत लोक पाठ टेबलावर आपटून दाखवतात, तसं करू का? आणि हो, सगळ्या चाकूंना मागच्या वर्षी खोबरेल लावून ठेवलं होतं.

कानस

खोबरेलापासून सुरुवात करू, कारण तुमचा अर्धा प्रश्न तिथेच असण्याची शक्यता आहे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. दिवाळीत भोरकडे पहाटे तापमान त्याखाली जातंच. गोठलेलं तेल आणि त्यात बसलेली धूळ मिळून पट्टी पूर्ण सरकू देत नाही, कमानही आळसावते. शिवाय वर्षभरात तेल चिकट होतं. सगळे चाकू उघडून कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून जुन्या टूथब्रशनं खाचा घासा, दोन-तीनदा उघड-मीट करा, स्वच्छ पाण्यानं धुवा, झटका, पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. (हे व्हिक्टोरिनॉक्स आणि लायनर लॉकसाठी. ओपिनेलची मूठ लाकडाची आहे, तिला बुडवू नका.) मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पिव्हटवर, एक कमानीच्या सांध्यावर, उघड-मीट करून बाहेर आलेलं पुसा. पट्टी पात्याला टेकते त्या तोंडावर तेल अजिबात नको. डब्ल्यूडी-४० पाणी हुसकायला ठीक, पण वंगण म्हणून टिकत नाही.

आडवं हलणं बहुधा स्क्रू सैल झाल्यानं. लहान चाकूंत टी-६ किंवा टी-८ मापाचं टोक लागतं. स्क्रूचे आटे साफ करून स्क्रू जागीच धरणाऱ्या लॉकटाइट २४३ गोंदाचा (निळा, लाल नको) टिंबाएवढा थेंब लावा आणि हळूहळू आवळा. अष्टमांश फेरा, उघडून बघा, पुन्हा अष्टमांश. हलणं थांबलं आणि पातं अजून सहज फिरतंय, तिथे थांबा. जास्त आवळलात तर पातं जड फिरतं, पूर्ण उघडत नाही आणि पट्टी अर्धवट बसते. डुगडुगण्यापेक्षा ते वाईट. २४ तास सुकू द्या.

वर-खाली हलणारा रिव्हेटवाला फेकून द्या. वर-खाली हलतंय म्हणजे थांबा तरी झिजलाय किंवा पट्टीचं तोंड तरी. रिव्हेट ठोकून आडवी डुगडुग कमी होते, ही होत नाही. बॅक लॉकमध्ये मात्र किंचित वर-खाली हलणं बनावटीतच असतं, त्याला घाबरू नका.

राहिली तपासणी. पाठ टेबलावर आपटू नका, त्याऐवजी हे करा. उघडलेला चाकू उजेडाकडे धरून पट्टीचं टोक पात्याच्या बुडावर कुठे टेकलंय ते बघा. बुडाच्या जाडीच्या पाव ते निम्म्या भागावर असेल तर उत्तम. पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिडलं असेल तर झीज संपत आली. जेमतेम कडेला असेल तर तो चाकू वापरूच नका. बुडाचं तोंड साधारण ७ ते १० अंश तिरकं घासलेलं असतं. तिरकेपणा जास्त झाला तर दाबाखाली पट्टी घसरते, कमी झाला तर ती पाचरीसारखी रुतते आणि मूल ती सोडवायला अंगठ्याचा सगळा जोर लावतं. रुतणाऱ्या पट्टीच्या तोंडावर पेन्सिलीचं शिसं घासा, बराच फरक पडतो.

दाबाची चाचणी अशी. स्वयंपाकाचा डिजिटल काटा, त्यावर लाकडाचा ठोकळा. चाकू उघडून मूठ दोन बाजूंनी धरा, बोटं खाचेवर वळवू नका. पाठीचा मधला भाग ठोकळ्यावर टेकवून काट्यावर तीन किलो दिसेपर्यंत हळूहळू दाबा. तो दाब ठेवून मूठ जराशी डावीकडे पिळा, मग उजवीकडे. लायनर लॉक सरळ दाबाला टिकून पिळताना सुटतं, त्यामुळे पिळल्याशिवाय चाचणी पुरी होत नाही. दहा वेळा करा: पाच वेळा चाकू झटक्यात उघडून, पाच वेळा अगदी सावकाश उघडून. सावकाश उघडल्यावर पट्टी अर्धवट बसते का ते त्यातच कळतं, आणि मुलं सावकाशच उघडतात.

धारदार

पाठ आपटण्याची चाचणी इतकी नाकारू नका. स्थिर दाबाला टिकणारं लॉक झटक्याला सुटतं. दगडावर पाय घसरला, हातातला चाकू कशावर तरी आपटला, तर तिथे तीन किलोचा सावकाश दाब नसतो.

कानस

झटका वेगळा, हे मान्य. पण टेबलाच्या कडेवर जोरात आपटलं की पट्टी क्षणभर उसळते आणि चांगलं लॉकही सुटू शकतं. वर दर वेळी तिचं तोंड थोडं चेपतं. म्हणजे परीक्षेतच विद्यार्थी अर्धा मेला. हवं तर मनगटातून हलकी टिचकी, लाकडावर, पाठीच्या पुढच्या तिसऱ्या भागानं, बोटं खाचेबाहेर. तेवढ्यालाच मिटला तर निकाल लागला. त्याहून जोराच्या कामाला घडीचा चाकू आणूच नये.

रानवाट

ओपिनेलबद्दल कुणी नीट लिहिलं नाही, म्हणून.

कड्याचं लॉक (विरोब्लॉक) १९५५ पासून आहे. सहा नंबरपासून पुढच्या चाकूंना असतं, छोट्यांना नाही. २००० पासूनच्या चाकूंत तेच कडं मिटलेल्या अवस्थेतही अडकवता येतं, म्हणजे पिशवीत पातं आपोआप उघडत नाही. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंमी.

बाकी सगळी लॉकं उघडल्यावर आपोआप लागतात, हे हातानं फिरवावं लागतं. विसरलं तर लॉक नाहीच, आणि ओपिनेलला पाठीची कमानही नाही. कडं न फिरवलेला ओपिनेल तुमच्या बिनलॉकच्या व्हिक्टोरिनॉक्सपेक्षा जास्त धोक्याचा, कारण पातं नुसत्या लाकडाच्या घर्षणावर उभं असतं. तेव्हा मुलांना मोठ्यानं बोलायला लावा: «उघडलं, फिरवलं, ओढून बघितलं.» मिटवण्याआधी «फिरवलं, फट जुळली.» कड्याची फट पात्याच्या खाचेसमोर आल्याशिवाय पातं मिटत नाही, आणि मुलं तिथे जोर लावतात.

कडं किती फिरवायचं? बोटाच्या जोरानं अडकेल इतकंच. त्याची कड किंचित तिरकी कापलेली असते, जितकं फिरवाल तितकं पातं घट्ट धरलं जातं. पक्कडीनं फिरवलेलं कडं मुलाच्या बोटांनी सुटत नाही. उलट कडं आपोआप गरगर फिरत असेल तर ते काढून पक्कडीनं अगदी थोडं आवळा आणि परत बसवा. फटीत दोन टोकांची पक्कड घालून ताणताना ते उडतं, चष्मा घाला.

आता आपल्याकडचा खास त्रास. मूठ बीच लाकडाची. पावसाळाभर पेटीत राहिलेली मूठ फुगते, खाच आवळते आणि पातं आतच अडकून बसतं. मूल नखाच्या खोबणीत नख घालून जीव खाऊन ओढतं, पातं एकदम सुटतं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवरून जातं. यात लॉकचा काहीच दोष नाही, पण अपघात चाकूच्या नावावर. यावर फ्रान्समधल्या सावोआकडची, म्हणजे ओपिनेलच्या मूळ प्रांताकडची, जुनी रीत आहे: कडं मोकळं करायचं आणि मुठीचं मागचं बूड लाकडावर किंवा दगडावर ठोकायचं. पात्याचं टोक खाचेतून थोडं वर येतं, मग चिमटीत धरून उघडायचं. दातानं नाही.

कायमचा उपाय करायचा तर आठवडाभर घरात सावलीत कोरडी होऊ द्या (उन्हात ठेवली तर चिरते), मग पातळ पट्टीला २२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाचेच्या दोन्ही भिंती थोड्या घासा. घासलेल्या जागी जवसाचं तेल, दोन हात, मधे एक दिवस. पिव्हटपाशी मेणबत्तीचं मेण घासून हेअर ड्रायरनं वितळवा. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंधी पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

पात्यावर «कार्बोन» कोरलेलं असेल तर भाजीला वापरू नका, कैरी-लिंबू कापलं की काळं पडतं आणि पिव्हटला गंज धरतो. «इनॉक्स» (स्टेनलेस) चालेल.

लहान मुलांसाठी गोल टोकाचा सात नंबरही येतो, ८ सेंमी पात्याचा, कड्यासकट. टोकच नाही म्हटल्यावर टोक रेटायचा प्रश्न येत नाही. माझ्या मते लॉकपेक्षा ही सुधारणा मोठी.

यॉर्कशायरकर

इकडे ब्रिटनमध्ये गंमत उलटी आहे. १९८८च्या फौजदारी न्याय कायद्याच्या १३९व्या कलमानुसार सबळ कारण न दाखवता जवळ बाळगता येतो तो फक्त घडीचा खिशातला चाकू, कापणारी धार ३ इंचांपर्यंत (७.६२ सेंमी). १९९३ मध्ये न्यायालयानं ठरवलं की लॉक होणारा चाकू या व्याख्येत बसत नाही, कारण तो हवा तेव्हा सरळ मिटवता येत नाही. कॅम्प, काम ही सबळ कारणं ठरू शकतात, पण नुसता खिशात ठेवायचा तर बिनलॉकच.

यातून कंपन्यांना लॉकशिवाय बोट वाचवायचा विचार करावा लागला. स्पायडर्कोच्या यूके पेन नाइफमध्ये पात्याच्याच बुडाशी तर्जनी बसेल असा अर्धगोल खळगा ठेवलाय. तर्जनी त्यात असली की पातं मिटूच शकत नाही, कारण बोटच पात्याला धरून असतं. रेटा आला तर आधी हा बोथट भाग बोटाला लागतो. लॉकवाले चाकू घेतानाही हा खळगा, किंवा धार सुरू होण्याआधीचा बोथट भाग, किती आहे ते बघावं. एक-दीड सेंमी असेल तर लॉक सुटलं तरी तर्जनीवर आधी बोथट पोलाद येतं. धार पार मुठीपर्यंत आणलेली असेल तर आधी धारच येते.

टाकेवाला

जखमेच्या बाजूनं थोडं. पातं मिटून झालेली जखम आणि घसरून झालेली जखम वेगवेगळ्या हातांवर असतात. मिटलं तर चाकू धरलेल्या हाताची बोटं, आतल्या बाजूनं. घसरलं तर लाकूड धरलेल्या हाताचा अंगठा किंवा तर्जनी. लॉक फक्त पहिलीपासून वाचवतं. तासकामात दुसरीचीच धास्ती जास्त, आणि तिला उपाय म्हणजे धारदार पातं, शरीरापासून दूर जाणारा घाव, आणि लाकूड धरणाऱ्या हातात कट-रेझिस्टंट हातमोजा. हा मोजा कापण्यापासून वाचवतो, टोचण्यापासून नाही.

बसून तासायचं तर कोपरं गुडघ्यांवर, काम गुडघ्यांच्या पुढे. मांड्यांच्या मधे कधीच नाही, तिथे मोठी रोहिणी आहे. हात आणि चाकू लांबवून भोवती फिरवला तर कुणाला लागणार नाही एवढं अंतर प्रत्येकाभोवती.

पातं बोटांवर मिटलं तर जखम छोटी दिसते, पण बोटाच्या आतल्या बाजूला वाकवणारे स्नायुबंध आणि संवेदनेच्या नसा कातडीच्या अगदी जवळ असतात. स्वच्छ कापड ठेवून सलग दहा मिनिटं दाबा, मधे उचलून बघू नका, हात छातीच्या वर. नंतर तीन गोष्टी तपासा: बोटाचं शेवटचं पेर स्वतःहून वाकतं का, जखमेच्या पुढे बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो का, रक्त उसळून येतंय का. पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर «नाही», किंवा रक्त उसळतंय, तर त्याच दिवशी हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयात. गावच्या दवाखान्यात वरून टाके घालून घरी पाठवलं तर आतला स्नायुबंध तुटलेलाच राहतो. हळद, कॉफी, टूथपेस्ट काहीही भरू नका. बोटाच्या मुळाशी दोरा आवळू नका. धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली ते पालकांच्या फॉर्मवर आधीच लिहून घ्या. मळकट जखमेला पाच वर्षांहून जुनी असेल तर डॉक्टर पुन्हा देतात.

लोखंड्या

टाकेवाला यांचा प्रतिसाद छापून किटमध्ये ठेवा.

अवांतर, पण विचारलं जाईलच. २०१६च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या पाचव्या वर्गात येतात, घरगुती, शेती वगैरे कामांसाठी बनवलेले सोडून. तुमचा एकही चाकू त्याच्या जवळपास नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७(१)खाली सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात मनाई आदेश निघतात, आणि त्यांत चाकूंचा उल्लेख असतो. दिवाळीच्या तारखा बघून जिल्ह्याचा आदेश तपासा. सगळे चाकू एका बंद पेटीत, शिबिराच्या पत्रासह, आयोजकांच्या ताब्यात. मुलांच्या सॅकमध्ये नकोत. दिल्लीहून कुणी बटणाचा चाकू आणणार असेल तर तिथे १९८०च्या अधिसूचनेनुसार ७.६२ सेंमी लांब आणि १.७२ सेंमी रुंद किंवा त्याहून मोठ्या बटणाच्या चाकूंवर बंधन आहे. नकोच तो.

घाटवाटा

ठरलं असं: लायनर लॉकवाले सगळे बाहेर, दुरुस्त झालेलासुद्धा फक्त आयोजकांकडे. तासायला ओपिनेल, दोरीला व्हिक्टोरिनॉक्स. भाजीला घडीचा चाकू नकोच, साधे घरचे चाकू पुठ्ठ्याच्या म्यानात. एकच शंका: व्हिक्टोरिनॉक्सच्या आरीनं पट्ट्याला भोक पाडायचं असतं. तिलाही लॉक नाही, आणि ते काम तर रेट्याचंच.

कानस

तिथेच काळजी घ्या. आरीला एका बाजूनं धार असते, ती कापत फिरण्यासाठी. रेटायची नाही, फिरवायची: टोक टेकवून हलक्या दाबानं अर्धा फेरा एका दिशेला, अर्धा उलट. ती ज्या बाजूला मिटते त्या बाजूला बोट नसावं. पट्टा हातात धरून नाही, लाकडाच्या ठोकळ्यावर सपाट ठेवून. दोन मिमीपेक्षा जाड चामडं असेल तर पंच आणि हातोडी वापरा, पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे.

ओपिनेलला धार लावूनच न्या. दोन्ही बाजूंनी साधारण २० अंश, ४०० नंबरचा दगड, मग १०००. घरी कागद कापून बघा. कागद फाटला तर परत दगडावर.

रानवाट

आणि डावखुऱ्या दोघांना ओपिनेल बिनधास्त द्या, कडं दोन्हीकडे फिरतं. फक्त नखाची खोबणी पात्याच्या एकाच बाजूला असते, ती त्यांना उलटी पडते. त्यांनी ठोकून टोक वर काढायचं आणि चिमटीनं उघडायचं.